शीत कुठलं उचललंत?



आपल्या कार्यकारिणीच्या एका बैठकीत मी एक साधा ठराव मांडला होता. आपल्या भागाच्या खासदारांना आणि कौन्सिलला मंडळातर्फे एक पत्र पाठवावं, की आपल्या गावच्या सांडपाण्यात कोरोनाचे कोणते उपप्रकार किती प्रमाणात आहेत हे नियमित तपासलं जावं आणि ते आकडे लोकांना बघायला मिळावेत. अनुमोदन मिळायच्या आत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "म्हणजे आता महाराष्ट्राची संस्कृती सोडून आपण गटारांवर चर्चा करणार?" सगळे हसले. मीही हसलो, कारण वाक्य झकास होतं. ठराव बारगळला आणि आपण ढोल-ताशाच्या खर्चाकडे वळलो.

घरी पोचेपर्यंत माझं हसू उतरलं होतं. संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागताना "काहीतरी हलकंफुलकं द्या, कोविड नको, लोक कंटाळलेत" असं बजावलं होतं. त्यांची आगाऊ माफी मागतो. बैठकीत जे दोन मिनिटांत सांगता आलं नाही ते इथे सांगणार आहे, आणि ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी पान उलटावं. पुढे पाककृती आहेतच.

२०२३ चा गणेशोत्सव आठवा. १९ सप्टेंबरला गणपती बसले. शनिवारच्या महाप्रसादाला हॉल गच्च भरला होता, खिडक्या बंद होत्या आणि आरतीला सगळ्यांनी जीव तोडून आवाज लावला होता. पुढच्या आठवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकेका घराची हजेरी लागू लागली. कुणाला ताप, कुणाची चव गेली, कुणाचा घसा बसला. एका घरी भारतातून आलेल्या आजी होत्या, दिवाळीआधी परतायचं तिकीट हातात असलेल्या. त्यांना अकरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. ग्रुपवर एकाचं म्हणणं, "हा तो नवीन पिरोला." दुसऱ्याचं, "छे हो, हवा बदलली की होतं." तिसऱ्यानं काढा पाठवला. दोघा-तिघांकडे जुने चाचणीचे किट होते, त्यावर दोन रेघा आल्या. पण त्या पट्टीला फक्त हो किंवा नाही एवढंच सांगता येतं. कोणता उपप्रकार, आणि आपल्या गावात तो शंभरातल्या किती जणांना, हे आपल्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. आपल्या जीपीलाही नाही. आणि याच देशात दीड वर्षापूर्वी हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर मिळालं असतं. मला राग आहे तो याचा.

थोडं मागे जातो. 'एखादा व्हेरियंट किती पसरलाय' या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि ते आपण कायम एकमेकांत मिसळतो. पहिला, आजारी माणसांपैकी किती टक्के या उपप्रकाराचे. दुसरा, एकूण लोकांत आजारी किती. पहिला आकडा वर्तमानपत्रांत मथळा होतो, पण दुसऱ्याशिवाय तो जवळजवळ निरुपयोगी असतो. शंभर आजाऱ्यांत नव्वद नव्या उपप्रकाराचे असतील आणि गावात आजारीच शंभर असतील तर एक गोष्ट, दहा हजार असतील तर दुसरी. आणि फक्त एकूण आकडा पाहणारा तर याहून जास्त फसतो.

उदाहरणासाठी मी हातानंच आकडे मांडतो. समजा एका शहरात जुन्या उपप्रकाराचे १६०० रुग्ण आहेत आणि दर पंधरवड्याला ते निम्मे होताहेत. नव्याचे फक्त ५० आहेत, पण ते दर पंधरवड्याला दुप्पट होताहेत. एकूण १६५०. पुढच्या पंधरवड्याला ८०० आणि १००, एकूण ९००. वा, साथ ओसरली. त्यापुढे ४०० आणि २००, म्हणजे ६००. त्यापुढे २०० आणि ४००, पुन्हा ६००. आरोग्यमंत्री म्हणतात परिस्थिती स्थिर आहे. पुढे १०० आणि ८००. आणि त्यापुढे ५० आणि १६००, आपण परत १६५० वर. दादरला लोकल थांबते तेव्हा डबा बाहेरून तितकाच भरलेला दिसतो, पण आतली निम्मी माणसं बदललेली असतात. तसंच हे. ६०० आणि ६०० या दोन पंधरवड्यांत, जेव्हा कुणालाच काही घडतंय असं वाटत नव्हतं, तेव्हाच सगळं घडलं.

हे कल्पनेतलं शहर नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये जवळजवळ असंच झालं. अल्फा ओसरत होता, रोजचे आकडे दोन-अडीच हजारांच्या आसपास शांत पडून होते, पब उघडत होते, आणि त्या शांत रेषेखाली डेल्टा वाढत होता. तो दिसला कसा, तर थोडा शास्त्रज्ञांच्या मेहनतीनं आणि थोडा नशिबानं. इथल्या मोठ्या लाइटहाउस प्रयोगशाळांत जी पीसीआर चाचणी वापरत, ती विषाणूच्या तीन जागा तपासायची. अल्फामध्ये काटेरी प्रथिनाच्या जनुकातली काही अक्षरं गळालेली होती, त्यामुळे तीनपैकी एक जागा कोरी यायची. जणू तीन दिव्यांच्या माळेतला एक दिवा लागत नाही. डेल्टाचे तिन्ही दिवे लागायचे. त्यामुळे जनुकीय क्रमनिर्धारणाची, ज्याला आपण सगळे सिक्वेन्सिंग म्हणतो त्याची, आठवडा-दोन आठवडे वाट न पाहता कोणत्या गावात कोण वाढतंय हे कळायचं. पुढे ओमायक्रॉनच्या पहिल्या उपप्रकारात, बीए.१ मध्ये, तोच दिवा पुन्हा विझला आणि बीए.२ मध्ये पुन्हा लागला. ही सोय कुणी मुद्दाम केलेली नव्हती. पण रोज लाखो चाचण्या होत होत्या आणि कुणीतरी त्या कोऱ्या जागांची नोंद ठेवत होतं, म्हणून तिचा उपयोग झाला.

अल्फाचीही गोष्ट तशीच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडभर लॉकडाऊन होता, बाकी ठिकाणी आकडे उतरत होते आणि केंटमध्ये उतरेनात. का, म्हणून शोधायला गेले तर आधीच क्रमनिर्धारण करून ठेवलेल्या नमुन्यांत एक वेगळाच गट सापडला. सगळ्यात जुना नमुना २० सप्टेंबरचा, केंटमधलाच. १४ डिसेंबरला मॅट हॅनकॉक यांनी संसदेत ते सांगितलं. म्हणजे जवळपास तीन महिने तो शांतपणे वाढत होता, आणि तरी सापडला. २०२० च्या मार्चमध्येच सरकारनं आणि वेलकम सँगर संस्थेनं मिळून २ कोटी पौंड बाजूला काढून कॉग-यूके नावाचा प्रयोगशाळांचा गट उभा केला होता, म्हणून सापडला. त्या वेळी अनेकांना तो पैशाचा चोचला वाटला असणार.

आता शिताकडे येतो. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा, ती म्हण खरी केव्हा ठरते? भात एकाच पातेल्यात, एकाच वाफेवर शिजत असेल तेव्हा. पंगतीच्या मोठ्या पातेल्यात तळाचा भात लागलेला असतो आणि वरचा कच्चा. तिथे वरचं एक शीत चेपून "झाला" म्हणणारा आचारी पंगतीच्या शिव्या खातो. लोकसंख्या म्हणजे असं पंगतीचं पातेलं. फक्त हॉस्पिटलात आलेल्यांचे नमुने घेतले तर म्हातारे आणि आधीच आजारी असलेलेच मोजले जातात. फक्त विमानतळावर घेतले तर प्रवासी. जे स्वतःहून चाचणीला येतात त्यांचेच घेतले, तर ज्यांना कामावरून सुट्टी मिळते ते. भात ढवळायचा तर चिठ्ठ्या टाकून घरं निवडावी लागतात.

आणि शितं किती? हे गणित शाळेतलंच आहे. एखादा उपप्रकार शंभरात एकाला असेल आणि तो आपल्या नमुन्यात किमान एकदा तरी दिसावा अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर साधारण ३०० बाधित नमुने लागतात, तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले. पन्नास नमुने तपासून "नवीन काही आढळलं नाही" असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ एवढाच की आम्ही नीट शोधलं नाही.

हे मी इतक्या तावातावानं का लिहितो, त्याचं कारण परतवाड्यात आहे. माझे थोरले मामा तिथले. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती जिल्ह्यात रुग्ण झपाट्यानं वाढले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला आठवड्याचा लॉकडाऊन लागला, तोही देशात इतरत्र सगळं ओसरल्यासारखं वाटत असताना. त्याच सुमारास खुलासा छापून आला की तपासलेल्या मोजक्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा विषाणू आढळला नाही. मी इथून काळजीनं फोन केला तर मामा म्हणाले, "काही होत नाही बाप्पा, बाहेरचा नाही हाये, जुनाच हाये. पेपरात आलं ना." शोध बाहेरच्याचा चालला होता आणि जो वाढत होता तो घरचाच होता. पुढे ज्याला बी.१.६१७ म्हटलं गेलं, त्याचा भारतातला सगळ्यात जुना नोंदलेला नमुना ऑक्टोबर २०२० चा. २४ मार्च २०२१ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल एकत्र दिसताहेत, पण रुग्णवाढीशी थेट संबंध जोडावा इतकी ही संख्या नाही. एप्रिलच्या मध्यावर बातमी आली की राज्यातल्या ३६१ नमुन्यांपैकी ६१ टक्क्यांत तेच बदल आहेत. ३६१! त्या दिवसांत महाराष्ट्रात रोज दोन लाखांच्या आसपास चाचण्या होत होत्या.

भारतात दहा प्रयोगशाळांचा इन्साकॉग हा गट डिसेंबर २०२० मध्ये स्थापन झाला होता. बाधितांपैकी ५ टक्के नमुन्यांचं क्रमनिर्धारण करायचं असं ठरलं होतं. दुसरी लाट चढत असताना प्रत्यक्षात एक टक्काही होत नव्हतं. शास्त्रज्ञ नव्हते असं नाही. पुण्यातच एनआयव्ही आहे, एनसीसीएस आहे, बी. जे. मेडिकल कॉलेजची प्रयोगशाळा आहे. त्यांच्या कामात मी काय खोट काढणार. पण त्यांच्या ताटात शितं किती पडली? इन्साकॉगच्या शास्त्रीय सल्लागार गटाचे अध्यक्ष शाहिद जमील यांनी मे महिन्यात पद सोडलं.

मामा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गेले. त्या खुलाशामुळे गेले असं मी म्हणणार नाही, वय ७४ होतं आणि साखर होती. पण मार्चमध्ये दोन लग्नांना जाऊन आले होते. २३ एप्रिलला पहाटे चारपासून ब्रिटननं भारताला रेड लिस्टवर टाकलं होतं. घोषणा १९ तारखेला झाली होती, मधले चार दिवस दिले होते. त्या चार दिवसांत मी तिकडे पोचू शकलो असतो का, याचा हिशेब मी अजून करतो. असो.

आपल्याकडे, म्हणजे इथल्या आपल्या मंडळींत, त्या मे महिन्यात काय चाललं होतं? नावावरून भांडण. बीबीसी 'इंडियन व्हेरियंट' म्हणते म्हणून आपल्या ग्रुपवर तीनशे मेसेज पडले. मला ते नाव आवडत होतं असं नाही. बसमध्ये माझ्या शेजारून एक बाई उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि 'केंट व्हेरियंट'च्या दिवसांत केंटच्या माणसापासून कुणी असं उठलेलं मी ऐकलं नाही. ३१ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ग्रीक अक्षरं दिली, चांगलं केलं. पण भारत सरकारनंही त्याच सुमारास समाज माध्यमांना 'इंडियन व्हेरियंट' असे शब्द असलेला मजकूर काढून टाकायला सांगितलं. नाव खोडायला जी तत्परता दाखवली, ती नमुने वाढवायला जानेवारीत दाखवली असती तर? आपणही त्यातलेच. तीनशे मेसेजांत एकही असा नव्हता, की बोल्टनला आणि ब्लॅकबर्नला डेल्टा किती आहे आणि आपल्याकडे किती, हे आकडे कुठे बघायचे. आकडे दर आठवड्याला प्रसिद्ध होत होते, फुकट.

आणि जो शोधतो त्यालाच शिक्षा करायची ही रीत तर सगळ्या जगाची. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या आणि बोट्सवानाच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखला आणि तत्काळ जगाला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं आफ्रिकेतल्या सहा देशांची विमानं बंद केल्याची घोषणा केली. मग नेदरलँड्सला आपल्याच जुन्या नमुन्यांत तो सापडला, दक्षिण आफ्रिकेनं सांगण्याच्याही आधी घेतलेल्या नमुन्यांत. पुढच्या वेळी एखाद्या गरीब देशाच्या आरोग्यमंत्र्यानं "कशाला तपासता?" असं म्हटलं, तर आपण कुठल्या तोंडानं त्याला बोलणार?

आता घरचा अहेर. २०२० च्या शरदात आमच्या घरी एक पत्र आलं. ओएनएस, म्हणजे इथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय, चिठ्ठ्या टाकून घरं निवडत होतं. महिला कार्यकर्ती यायची, दारातच अंतर ठेवून उभी राहायची, आम्ही तिघं नाकातनं आणि घशातनं बोळा फिरवून नळीत टाकायचो. आधी दर आठवड्याला, पाच वेळा, मग महिन्यातून एकदा. पहिल्या भेटीला ५० पौंडांचं व्हाउचर, नंतर प्रत्येकी २५. ताप असो नसो, तपासणी व्हायचीच, आणि सगळी गंमत त्यातच होती. आजारी पडल्यावर तपासणं म्हणजे धूर दिसल्यावर आग मोजणं. हे लोक धडधाकट माणसांत विषाणू मोजत होते, आणि ज्या नमुन्यांत तो पुरेसा होता त्यांचं क्रमनिर्धारण करत होते. दर पंधरवड्याला एकट्या इंग्लंडात दीड लाख माणसं तपासायची असं त्यांचं उद्दिष्ट होतं. त्यातूनच कळलं की मार्च २०२२ च्या अखेरीस इंग्लंडात दर तेरा माणसांत एक बाधित होता. सरकारी चाचणी केंद्रांच्या आकड्यांवरून हे कधी कळलं नसतं.

मी उत्साहानं मंडळात सांगितलं, तेव्हा कळलं की आपल्यापैकी निदान चार घरांना तसं पत्र आलं होतं. एकानं जंक मेल म्हणून टाकलं. दुसऱ्याला वाटलं सरकार डीएनए गोळा करतंय. तिसरे म्हणाले, "पॉझिटिव्ह आलो तर उगाच ऑफिसला कळवावं लागेल." चौथ्यांनी नाव सांगू नका म्हटलंय, पण ते स्वतः संख्याशास्त्र शिकवतात. जिथे तिथे दक्षिण आशियाई लोकांना कोविड जास्त का झाला यावर परिसंवाद भरवायचे, त्यात भाषणं ठोकायची, आणि आपलं शीत द्यायची वेळ आली की पातेल्यावर झाकण घालायचं. पत्र टाकणारे सभासद हा लेख वाचत असतील, त्यांना राग आला असेल तर येऊ द्या.

मग सगळं एकेक करून बंद झालं. १ एप्रिल २०२२ ला इंग्लंडात सर्वसामान्यांसाठी मोफत चाचण्या संपल्या. इंपीरियल कॉलेजचा रिअॅक्ट हा अभ्यास मार्चमध्येच संपला होता. त्याच मार्चअखेरीस इंग्लंडातली सांडपाण्याची तपासणीही थांबली, जिच्यात देशाची दोन-तृतीयांशाहून जास्त लोकसंख्या येत होती. स्कॉटलंडनं आपली चालू ठेवली. आणि मार्च २०२३ मध्ये ओएनएसचं ते घरोघरचं सर्वेक्षणही थांबलं. राहिलं काय? प्रामुख्यानं हॉस्पिटलात आलेल्यांचे नमुने. पातेल्याचा तळ.

पाच महिन्यांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, नॉरफोकच्या एका वृद्धाश्रमात साथ आली. ३८ रहिवाशांपैकी ३३ बाधित. विषाणू निघाला बीए.२.८६, ज्याला समाज माध्यमांनी पिरोला म्हटलं. त्याच्या काटेरी प्रथिनात आधीच्या उपप्रकारापेक्षा तीसहून जास्त बदल होते. बाहेर तो किती पसरलाय, हे सांगायला सरकारी तज्ज्ञांकडेही पुरेशी माहिती नव्हती. सावधगिरी म्हणून वृद्धांचं आणि धोक्यातल्यांचं लसीकरण अलीकडे ओढलं, ११ सप्टेंबरपासून. ते योग्यच केलं. पण अंधारात काठी मारल्यासारखं. त्यानंतर आठवड्यानं आपले गणपती बसले आणि आपण हॉलच्या खिडक्या बंद करून आरती म्हटली. त्याच पिरोलाचा वंशज जेएन.१ त्या हिवाळ्यात सगळीकडे पसरला. नोव्हेंबर २०२३ ते मार्च २०२४ एक हिवाळी अभ्यास झाला खरा, आणि त्यातून कळलं की डिसेंबरच्या मध्यावर इंग्लंड आणि स्कॉटलंडात चोविसात एक जण बाधित होता. पण लोक घरीच पट्टीची चाचणी करून कळवत होते. कोण बाधित हे कळलं, कशानं ते त्या पट्टीला माहीत नाही.

बैठकीत आपल्या खजिनदारांनी एक रास्त प्रश्न विचारला होता, आणि त्याला मी हसण्यावारी नेणार नाही. "पैसा कुठून आणायचा?" खरं आहे. मघाचं गणित पुढे नेतो. ३०० बाधित नमुने हवेत आणि पन्नासात एक बाधित असेल, तर १५,००० माणसांच्या नाकात बोळे घालावे लागतील, तेही दर आठवड्याला आणि प्रत्येक भागात. साथ ओसरली की हा आकडा आणखी वाढतो, कारण बाधित सापडतच नाहीत. ओएनएसचं ते सर्वेक्षण आहे त्या आकारात कायम चालावं असं मीही म्हणत नाही. म्हणूनच तर मी गटाराकडे आलो!

सांडपाण्याला बोळा लागत नाही, सुट्टी लागत नाही, इंग्रजी यावं लागत नाही. पत्र जंक मेल म्हणून टाकून देणाऱ्या आपल्या सभासदांचाही नमुना त्यात आपसूक येतो. हजारो घरांचं एक शीत, आणि तेही आधीच ढवळलेलं. त्याच्या खोडी आहेत. पाऊस पडला की पातळ होतं, तुकडे तुकडे झालेल्या विषाणूंतून कुणाचा किती वाटा हे उलगडणं किचकट असतं, आणि कोण आजारी ते कधीच कळत नाही. शेवटची खोड मला तर गुणच वाटते. आणि हे नवं खूळही नव्हे. २०२२ च्या फेब्रुवारीपासून लंडनच्या बेक्टन इथल्या सांडपाण्याच्या केंद्रातल्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू पुन्हा पुन्हा दिसला. एकाही मुलाला लकवा झालेला नव्हता. जूनमध्ये ते जाहीर झालं आणि ऑगस्टमध्ये लंडनमधल्या एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस देण्याचा निर्णय झाला. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडं त्या रांगेत होती, फोटो मी स्वतः ग्रुपवर पाहिलेत. ते डोस मिळाले कारण कुणीतरी, पोलिओ संपलाय असं सगळे म्हणत असताना, वर्षानुवर्षं गटाराचं पाणी बाटलीत भरत होतं. आणि त्याच वसंतात त्याच देशानं कोरोनासाठीच्या बाटल्या भरणं थांबवलं होतं.

"आता तो साध्या सर्दीसारखा झालाय," असं मला बैठकीनंतर पार्किंगमध्ये कुणीतरी समजावलं. झाला असेल. मला एवढंच विचारायचंय की तो सर्दीसारखा झालाय हे कशावरून ठरवलंत, शीत कुठलं उचललंत? अकरा दिवस हॉस्पिटलात राहिलेल्या त्या आजींचं की तुमचं?

तर खासदारांच्या पत्राचा मसुदा मी पुन्हा लिहिला आहे, एक पानी, मराठी आणि इंग्रजी. त्यात तीनच मागण्या आहेत. आपल्या सांडपाणी केंद्रातून आठवड्याला नमुना, त्यातल्या उपप्रकारांचं प्रमाण आणि विषाणूचं एकूण प्रमाण दोन्ही शेजारी शेजारी, आणि ते आकडे कुणालाही बघता येतील असे. मंडळाच्या लेटरहेडवर नाही, बैठकीचा मान राखून साध्या कागदावर. कोजागिरीच्या कार्यक्रमात दाराजवळच्या टेबलावर पेन बांधून ठेवतो. मसाला दूध घ्यायच्या आधी सही करा, नंतर हात चिकट असतात आणि कागद खराब होतो.